पाऊणकीला न जुमानणारा समुद्र

व्हँकूवर बेटाच्या नैऋत्य किनाऱ्याने जाणारी हुआन डी फ्यूका मरीन ट्रेल ४७ किलोमीटरची आहे. रस्त्यावर धावणारा माणूस हा आकडा ऐकतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडतो: मॅरेथॉन ४२, वर पाच, पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी. माझ्या भाच्याने तो तसाच मांडला होता. तो शिकायला म्हणून व्हिक्टोरियात आलेला, गुडघे कोरे करकरीत, आणि रोज संध्याकाळी समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर सहज हाणणारा. मी त्याला बुटांबद्दल, पाण्याबद्दल काही सांगायच्या आधी वाटेच्या दुसऱ्या टोकाजवळच्या पोर्ट रेनफ्रूचं भरती-ओहोटीचं कोष्टक हातात दिलं.

"मामा, आपण पोहायला चाललोय का?"

प्रश्न रास्त होता. ही वाट बहुतेक जंगलातून जाते, पण मधूनमधून ती सरळ किनाऱ्यावर उतरते. काही ठिकाणी एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये गोट्यांची पट्टी, तीच वाट. पाणी ठरावीक उंचीच्या वर गेलं की ती पट्टी नाहीशी होते. बेअर बीचवर ही मर्यादा तीन मीटरची, तर चिन बीचजवळ पावणेतीन मीटरची. पुढे सोम्ब्रिओलाही अशाच जागा आहेत. त्यामुळे आपण तासाला किती किलोमीटर कापतो याला तिथे दुय्यम महत्त्व आहे. कुठल्या किलोमीटरला किती वाजता पोचतो ते आधी ठरवायचं, मग वेगाचं बघायचं.

मी मूळचा कोकणातल्या हर्णैचा. आमच्याकडे भरती काढायला कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली: अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि साधारण हिशेबाला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पुरते. इकडे आल्यावर मी ती लावून पाहिली होती, पण इथल्या समुद्राने तिला दाद दिली नाही. या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या एकमेकींशी फटकून वागतात. एक मोठी, एक बेताची, ओहोट्यांचंही तेच. चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलाय, यावर त्यांतला फरक ठरतो. आपल्या धावण्याच्या कामाची गोष्ट एवढीच, की उन्हाळ्यात मोठी ओहोटी दिवसा, सकाळच्या बाजूला येते आणि मोठी भरती रात्री. थंडीत याच्या उलट. शिवाय छापील कोष्टकात प्रमाणवेळ असेल तर उन्हाळ्यात तिच्यात एक तास मिळवायचा. हा तास विसरणारे पुष्कळ.

म्हणून जूनअखेरचा दिवस धरला. उजेड पहाटे पाचच्या आधी, अंधार रात्री साडेनऊनंतर. गाडी आदल्या दिवशी दुसऱ्या टोकाला, बॉटॅनिकल बीचच्या वाहनतळावर नेऊन ठेवली. पहाटे बायकोने आम्हाला वाटेच्या सुरुवातीला, चायना बीचला सोडलं, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भाच्याच्या पाठीवर कोंबला आणि "सोम्ब्रिओला रस्ता आहे, जमत नसेल तर तिथून फोन करा" असं बजावून ती गेली. फोन लागेल याची मात्र तिथे खात्री नाही. समोर सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे अमेरिकेतले ऑलिंपिक पर्वत. इकडचा मनोरा आडबाजूला असला की फोन पलीकडचा पकडतो आणि जंगलाच्या मधोमध 'अमेरिकेत स्वागत आहे' असा संदेश येतो. मी रोमिंग बंदच ठेवतो.

पहिले नऊ किलोमीटर कुणालाही शेफारून टाकतील असे आहेत. मिस्टिक बीच दोन किलोमीटरवर. तिथे कड्यावरून धबधबा थेट वाळूत पडतो, त्यामुळे शहरातून येणारी हौशी गर्दी तिथपर्यंत असते. त्यानंतर माणूस दिसत नाही. बेअर बीचला उतरलो तेव्हा ओहोटी अजून उतरत होती आणि तीन मीटरची चिंता करायचं कारण नव्हतं. काळजी गोट्यांची होती. नारळाएवढे, कलिंगडाएवढे गुळगुळीत गोटे, खालच्या बाजूला शेवाळ आणि मोठ्या भरतीने आणून टाकलेली केल्प. ही केल्प म्हणजे मनगटाएवढ्या जाडीची, कित्येक मीटर लांब रबरी नळी; तिच्यावर पाय पडला की माणूस आडवाच. भाचा पहिल्या शंभर मीटरांतच धावायचा थांबला आणि काठ्या उघडून चालू लागला. मला बरं वाटलं.

किनाऱ्यावरून वाट पुन्हा जंगलात कुठे शिरते ते शोधणं हे इथलं खरं काम. वाळूवर पायवाट नसते. कालचे ठसे रात्रीच्या भरतीने पुसलेले. झाडांची भिंत सलग, आणि खालची सलालची झुडपं इतकी दाट की हात घातला तर कोपरापर्यंत दिसेनासा होतो. म्हणून जिथे वाट चढते तिथे एखाद्या उंच फांदीला नारिंगी रंगाचे मच्छीमारी बोये टांगून ठेवलेले असतात. धुक्यात तेही पटकन दिसत नाहीत. मी भाच्याला सांगितलं, तू पायाखाली बघ, मी झाडांकडे बघतो. हर्णैच्या बंदरात जाळ्यांना लावलेले बोये मी हजारो वेळा पाहिले असतील. ते झाडावर शोधायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

बेअर बीच ते चिन बीच या बारा किलोमीटरांबद्दल जेवढं लिहावं तेवढं कमी. या भागाची उंची नकाशावर किरकोळ दिसते, कारण वाट समुद्रापासून फार वर कुठे जातच नाही. पण दर काही शे मीटरांवर एक ओहळ समुद्राकडे धावतो, आणि प्रत्येकाने आपली स्वतंत्र घळ कोरली आहे. म्हणजे मुळं धरून खाली उतरायचं, ओंडक्यावरून ओहळ ओलांडायचा, मुळं धरून वर चढायचं. वर दोन मिनिटं सपाट, की पुढची घळ हजर. पायऱ्या आहेत, पण त्या अख्ख्या ओंडक्यांना खाचा पाडून केलेल्या, आणि एकेक पायरी गुडघ्याएवढी. पोर्ट रेनफ्रूला वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या कोकणात एवढाच पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे तो ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रेंगाळतो, आणि जंगलाच्या सावलीत चिखल जूनअखेरपर्यंत ओला राहतो. चिखलाला बगल देऊन कडेने गेलं की वाट रुंद होत जाते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. त्यामुळे सरळ मधून जायचं, पोटरीपर्यंत.

इथे मनगटावरचं घड्याळ कामाचं नाही. घळीत आणि दाट छत्राखाली उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून वेडावाकडा येतो, आणि घड्याळ आपण न गेलेल्या ठिकाणांची किलोमीटरं जमा करत बसतं. वाटेवर प्रत्येक किलोमीटरला खांब आहे. घड्याळ म्हणत होतं सोळा संपत आले, खांब चौदाचा निघाला. भाचा खांबावर चिडला. मी म्हटलं, "अरे, खांब हलत नाही. त्याच्याशी वाद घालून काय मिळणार?" मग त्याने घड्याळाचा पडदा बाहीखाली ढकलला आणि दोन खांबांमध्ये किती मिनिटं लागतात तेवढंच मोजायला लागला. वीसच्या आत एक किलोमीटर झाला तर आम्ही खूष.

या जंगलात अस्वलं आहेत, आणि त्यांना अचानक गाठायचं नसतं. माणूस येतोय हे त्यांना आधी कळलं तर ती आपणहून बाजूला होतात, म्हणून वळणांवर आणि ओहळांच्या गोंगाटात आवाज करत जावं लागतं. धापा लागलेल्या माणसाला गाणं सुचत नाही. मला पाठ होती ती पाऊणकी. बे पाऊण दीड, त्रिक पाऊण सव्वादोन, चोक पाऊण तीन... भाच्याने ती जन्मात ऐकली नव्हती. दहा-बारा वळणांनंतर मागून त्याचाही आवाज यायला लागला. अस्वल काही दिसलं नाही. वाटेवर त्याची ताजी विष्ठा मात्र दोनदा दिसली, लालसर बियांनी भरलेली. सॅमनबेरीच्या बिया. तीच फळं आम्हीही चालता चालता तोडून खात होतो, नारिंगी असली तर आंबटसर आणि लाल असली तर थोडी गोड.

सतराव्या किलोमीटरच्या पुढे एका पडलेल्या झाडापाशी मी थांबलो. खोड माझ्या छातीएवढं उंच, आणि त्याच्या पाठीवर हेमलॉकची रोपं एका रांगेत उभी, बोटभर उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंत. जंगलाच्या जमिनीवर शेवाळाचा आणि नेच्यांचा एवढा थर असतो की बी रुजायला जागा नसते. ती पडलेल्या खोडावर मिळते. रोपांची मुळं खोडाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात आणि जमिनीत शिरतात. शेदोनशे वर्षांनी खालचं खोड कुजून नाहीसं होतं आणि वरचं झाड मुळांच्या पायांवर अधांतरी उभं राहतं. थोडं पुढे तसं एक होतंच. त्याच्या पायांमधल्या पोकळीत भाचा सहज बसला आणि तिथेच त्याने एक पुरी संपवली. शेजारी हाताच्या पंजाएवढी पिवळी, काळ्या ठिपक्यांची गोगलगाय होती, शंख नसलेली. तिचा वेग आमच्यापेक्षा फार कमी नव्हता.

चिन बीचला पाणी चढत होतं, पण पावणेतीन मीटरला अवकाश होता. गोट्यांवरून भराभर निघालो. लॉस क्रीकवरचा झुलता पूल ओलांडताना खालची घळ बघू नये असं मी ठरवलं होतं आणि बघितली.

सोम्ब्रिओला पोचलो ते दुपारी. भरती जवळजवळ पुरी भरलेली. ही त्या दिवसाची धाकटी भरती, थोरली रात्री यायची होती. तरी किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला लाटा कड्याच्या पायथ्यापर्यंत जात होत्या. हे घरून निघतानाच ठरलेलं होतं. चिन बीच सकाळच्या उतरलेल्या पाण्यात गाठायचं तर सोम्ब्रिओला दुपारी थांबणं आलंच. पहाटे तीनला डोक्याला दिवे लावून निघालो असतो तर हेही टळलं असतं, पण त्या वाटेवर अंधारात धावायला मी कुणाला सांगणार नाही.

भाच्याला मात्र ते प्रत्यक्षात सहन होईना. "मामा, लाट मागे गेली की वीस सेकंद मिळतात. तेवढ्यात आपण त्या खडकापर्यंत जातो."

"आणि त्या खडकापलीकडे काय आहे?"

"दिसत नाहीये."

"मग बस."

तो बसला. सोम्ब्रिओला रस्ता पोचतो, त्यामुळे तिथे माणसं असतात. काळे रबरी पोशाख घातलेली सर्फिंगवाली मंडळी थंडगार पाण्यात पाट्या घेऊन लाटेची वाट बघत होती. पूर्वी या किनाऱ्यावर काही कुटुंबं वाहून आलेल्या लाकडांच्या झोपड्या बांधून वर्षानुवर्षं राहत होती. १९९४ साली व्हिक्टोरियात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांचं स्मारक म्हणून ही वाट आणि तिच्याभोवतीचं उद्यान आखलं गेलं, १९९६ मध्ये उद्यान झालं, आणि या रहिवाशांना निघावं लागलं. खेळाच्या नावाने वाट झाली, तिच्यावर आम्ही खेळायला आलो, आणि ज्यांचं घर होतं ते गेले. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. त्या कुटुंबांच्याही फार आधीपासून हा किनारा पाचिडाट या मूळनिवासी लोकांचा आहेच.

मी एका खडकावर नजर ठेवून होतो. त्यावर खाली काळ्या शिंपल्यांचा पट्टा होता, वर पांढऱ्या बार्नॅकलचा, आणि त्याच्याही वर कोरडा दगड. लाट कोरड्या दगडापर्यंत पोचायची बंद झाली, मग पांढऱ्या पट्ट्याची वरची कड वाळायला लागली. शिंपले उघडे पडले तेव्हा उठलो. दोनअडीच तास गेले होते. पाय लाकूड झालेले. खडकापलीकडे लाकडाच्या ओंडक्यांचा ढीग अडकला होता, लाटेबरोबर वरखाली होणारा. भाच्याने तो बघितला, पण बोलला काही नाही.

उरलेली वाट आम्ही खरोखर धावलो. पार्किन्सन क्रीकच्या बाजूला पूर्वी तोड होऊन पुन्हा उगवलेलं, एकसारख्या जाडीचं जंगल आहे. त्यात बघण्यासारखं काही नाही आणि धावायला ते बरं. पेझँट क्रीकनंतर फळ्यांच्या पायवाटा लागतात. कोरड्या असतील तर पाय सुखावतात, ओल्या असतील तर साबण.

बॉटॅनिकल बीचला उजेड होता. वालुकाश्मात पाण्याने कोरलेले गोल रांजण, त्यांत जांभळे समुद्री साळू आणि हिरवी समुद्रफुलं. जोसेफिन टिल्डन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९०१ साली मिनेसोटा विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथे आणलं होतं. समुद्रापासून खूप दूरच्या विद्यापीठातून मुलं या आडरानात शेवाळं बघायला यायची. काही वर्षांतच केंद्र बंद पडलं, नाव उरलं. आम्ही एकाच रांजणात डोकावलो, कारण वाकणं परवडत नव्हतं. वाहनतळ मात्र किनाऱ्यावर नाही, चांगला चढून वर आहे. एवढं सगळं झाल्यावरचा तो चढ मला सगळ्यात जास्त लांब वाटला.

गाडीत बसल्यावर भाच्याने घड्याळ बाहीतून बाहेर काढलं. त्यात दोन वेळा असतात, एक हलत असतानाची आणि एक एकूण. त्याने हलतानाची वेळ मित्रांना पाठवायला घेतली. मी म्हटलं, एकूण पाठव. सोम्ब्रिओला बसलो तेही त्याच ४७ किलोमीटरांत आलं, नाहीतर पुढचं कुणीतरी आपली वेळ बघून निघेल आणि त्या कड्याखाली भरतीत सापडेल. तो ऐकेना. परतीच्या रस्त्यावरचं सूक गाव येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. शेवटी त्याने एकूण वेळ पाठवली आणि म्हणाला, "ठीक आहे मामा, पण बसण्याची शर्यत असती ना, तर तू मला आज तासाभराने हरवलं असतंस."