यंत्राची दृष्टी, माणसाची पारख

आम्ही गोमंतकातील मुले सागराच्या सान्निध्यात वाढलो. आग्वादच्या किल्ल्यावरील १८६४ सालचे जुने दीपगृह आमच्या परिचयाचे. आज जहाजांवर रडार असते. उपग्रहही वाट दाखवितात. मग माणसाचे काम संपले काय? मुळीच नाही! २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ धुक्यात ‘आंद्रेआ दोरिया’ व ‘स्टॉकहोम’ ही जहाजे एकमेकांवर आदळली आणि ५१ माणसे प्राणांस मुकली. रडार दोन्ही जहाजांवर होते. पडद्यावर ठिपका दिसला, परंतु त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली. म्हणूनच रडार असूनही डोळ्यांनी व कानांनी टेहळणी केलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. यंत्राने दाखवावे, माणसाने पारखावे. या जोडीनेच नौका सुखरूप तीरास लागते, असे आम्हांस वाटते.