दप्तरातले अरण्य

ज्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम एक शतक उलटले होते, त्या राष्ट्रातील एका शहराने आणि एका विद्यापीठाने १८८२ साली एका जमिनीचा हजार वर्षांच्या मुदतीचा पट्टा करावा, त्याचा खंड सालिना एक डॉलर मुक्रर करावा, आणि ती मुदत सरल्यावर आणखी हजार वर्षे तोच करार चालू ठेवण्याची तरतूदही त्याच दस्तऐवजात लिहून ठेवावी, यात जो विश्वास प्रकट झाला आहे तो राजेरजवाड्यांच्या सनदांतही क्वचितच आढळेल. आपल्याकडील इनामपत्रांतून चंद्रसूर्यांची ग्वाही दिलेली असे खरी, परंतु ती एखाद्या घराण्यासाठी किंवा देवस्थानासाठी. बॉस्टन शहर आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्या दरम्यान झालेला हा करार केवळ झाडांसाठी आहे. जमीन शहराची, झाडे विद्यापीठाची; रस्ते, हद्दीच्या भिंती आणि बंदोबस्त शहराच्या जिम्मे, लागवड आणि संशोधन विद्यापीठाच्या; आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जो कोणी पायी येईल त्याला प्रवेश विनामूल्य. अर्नोल्ड वृक्षोद्यान या नावाने ओळखले जाणारे, आज २८१ एकरांवर पसरलेले हे अरण्य या एका कागदाच्या आधाराने उभे आहे.

जेम्स अर्नोल्ड हा न्यू बेडफर्डचा व्यापारी. देवमाशांच्या शिकारीवर त्या गावाची भरभराट झाली, आणि त्याच व्यापारातून आलेल्या संपत्तीचा काही भाग त्याने मृत्युपत्राने मागे ठेवला. त्या देणगीतून १८७२ साली ही संस्था स्थापन झाली. जमीन बेंजामिन बसी नावाच्या गृहस्थाने पूर्वीच विद्यापीठाला देऊन ठेवली होती, आणि ती बरीचशी कस गेलेली शेतजमीन होती; पुढे तीच शहराची होऊन पट्ट्याने विद्यापीठाकडे परतली. चार्ल्स सार्जंट या पहिल्या संचालकाने १८७३ मध्ये सूत्रे हाती घेतली ती १९२७ मध्ये देह ठेवीपर्यंत सोडली नाहीत. रस्त्यांची वळणे फ्रेडरिक ओल्मस्टेड या विख्यात उद्यानरचनाकाराने आखली. माणसांचा इतिहास एवढा पुरे.

ऑक्टोबरच्या एका निरभ्र सकाळी मी या वाटेला लागलो तेव्हा परक्या भूमीतील परके वृक्ष पाहावयास मिळतील एवढीच माझी अपेक्षा होती. घडले ते उलटेच. ही झाडे मुळात बेंथॅम आणि हूकर यांच्या वर्गीकरणाच्या अनुक्रमाने लावलेली आहेत, म्हणजे कुळामागून कूळ याप्रमाणे वाट पुढे सरकते. आणि हाच अनुक्रम पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात, १९०१ ते १९०८ या काळात, स्वीकारलेला होता. ज्याने कुकची पाने उलटून सह्याद्रीतील झाडेझुडपे ओळखण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला बॉस्टनमध्ये वाटाड्याची गरज उरत नाही. आरंभीच मॅग्नोलियांचा समुदाय लागतो. फुलांचा हंगाम कधीच सरला होता, परंतु खडबडीत फळांच्या फटी उकलून त्यांतून शेंदरी-लाल बिया पांढऱ्या, केसाएवढ्या तंतूंवर लोंबत होत्या, आणि त्या पाहताच सोनचाफ्याचे फळ डोळ्यांपुढे उभे राहिले. दोघांचे कूळ एकच. पुढे लिंडनची राई. त्या अनुक्रमात ती आपल्या फालशाच्या आणि धामणीच्या कुळात बसते. शरद ऋतूत ज्याच्या रंगांसाठी लोक शेकडो मैलांचा प्रवास करतात तो मेपल तेथे रिठ्याच्या कुळात मोडतो. आणि मे महिन्यातील एका रविवारी ज्याच्या सुगंधासाठी सारे शहर या उद्यानात लोटते त्या लायलॅकचे गोत्र जाई-जुईंचे आहे. समुद्रापलीकडे इतके नातेवाईक पसरलेले असावेत आणि आपण त्यांना आजवर परके समजत असावे, याची मला चालता चालता खंत वाटत गेली. आणि प्रत्येक वळणावर त्या खंतीचे रूपांतर आनंदात होत गेले.

येथील प्रत्येक लावलेल्या झाडावर धातूची एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर झाडाचे शास्त्रीय नाव, नोंदीचा क्रमांक, आणि बी किंवा रोप कोठून आले याचा दाखला कोरलेला असतो. क्रमांकाच्या शेवटी बहुधा आगमनाचे साल. अनेकांना हे अरसिकपणाचे वाटते. वनात शिरावे ते दप्तरापासून सुटका व्हावी म्हणून, आणि तेथेही प्रत्येक फांदीला आकडे लटकलेले! परंतु मी जसजसा त्या पट्ट्या वाचीत गेलो तसतसे मला उमगत गेले की ज्याच्यावर आपला जीव असतो त्याचीच जन्मतिथी आपण लिहून ठेवतो. मराठ्यांच्या राज्यात हे शहाणपण अपरिचित नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कोठून मिळवावे याचा विचार चालला असताना आंबा-फणसादी झाडांना बळाने हात लावू नये अशी ताकीद आहे, आणि तिचे कारण म्हणून जे दिले आहे ते महसुलाचे नाही: ही झाडे वाढण्यास फार काळ लागतो, आणि ज्या रयतेने ती वाढवली तिचा जीव त्यांत गुंतलेला असतो. आज आमच्या शहरांतून १९७५ च्या कायद्यान्वये वृक्षगणना होते, आणि ती झालीच पाहिजे. तथापि रस्तारुंदीच्या वेळी पाडल्या जाणाऱ्या वडाखाली उभे राहून हा कोणी लावला असे विचारले तर उत्तर देणारा भेटत नाही, आणि उत्तर नसलेले झाड पाडणे फार सोपे जाते.

बसी टेकडीच्या चढावर फ्रँक्लिनिया नावाचे एक झाड आहे. जॉर्जिया प्रांतातील एका नदीकाठी १७६५ मध्ये जॉन आणि विल्यम बार्ट्रम या पितापुत्रांच्या ते दृष्टीस पडले. १८०३ नंतर रानात ते कोणालाही दिसलेले नाही. आज पृथ्वीवर जेवढे फ्रँक्लिनिया आहेत ते सारे माणसांनी बागांतून राखलेले आहेत. पाने किरमिजी झाली असतानाही त्याच्या एका टोकाशी एक पांढरे फूल मागे राहिले होते.

परंतु ज्या झाडापाशी मी सर्वांत अधिक काळ रेंगाळलो ते मेटासिक्वोया. १९४१ साली शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने केवळ जीवाश्मांवरून या प्रजातीला नाव दिले, आणि त्याच सुमारास मध्य चीनमधील एका दूरच्या खोऱ्यात एक अनोळखी, प्रचंड वृक्ष नजरेस आला; युद्धाच्या धामधुमीत काही वर्षे लोटल्यावर हू शिएन्सू आणि झेंग वानजुन यांनी दोन्ही एकच असल्याचे ओळखले. मेलेले म्हणून ज्याची नोंद झाली ते जिवंत निघाले! या वृक्षोद्यानातून एल्मर मेरिल यांनी अडीचशे डॉलर चीनला धाडले, आणि १९४८ च्या जानेवारीत बियांची पुडकी येऊन पोचली; येथून ते बी जगभरच्या उद्यानांना वाटले गेले. ५२४-४८ हा या झाडाचा क्रमांक. खोडाचा बुंधा खोल पन्हळींचा, फांदी जेथे फुटते तेथे खाली एक खोलगट खळगा, आणि मृदू, समोरासमोर जडलेली पर्णिका विटकरी रंगावर आलेली. सूचिपर्णी वृक्षांच्या जातीला न शोभणारा स्वभाव असा की हिवाळ्यापूर्वी हे झाड आपली पाने गाळून टाकते. मुठीत मावणाऱ्या त्या बियांचे हे शंभर फुटांवरचे शेंडे पाहताना, पुडके उघडणाऱ्या हातांना यातील किती पाहावयास मिळाले असेल, या विचाराने मी फार हललो.

येथवर सारे लावलेले. हेमलॉक टेकडी मात्र कोणी लावलेली नाही. (सॉक्रेटिसाला ज्याचे विष दिले ती वनस्पती वेगळी, हा निरुपद्रवी सूचिपर्णी वृक्ष.) पाकात गोट्या घट्ट बसाव्यात तशा दिसणाऱ्या खडकाची ही टेकडी, तिच्या पायथ्याशी बसी ओढा, आणि उतारावर मूळचेच हेमलॉक इतके दाट की भर दुपारीही खाली ऊन सांडत नसे, असे जुने लोक लिहून गेले आहेत. आज तेथे जागोजागी आकाश दिसते. १९३८ च्या चक्रीवादळाने एकदा ही टेकडी झोडपली होती. परंतु सध्याचा घाव निराळा आहे. हाताशी आलेली एक डहाळी मी हलकेच उलटून पाहिली. आखूड, चपट्या सुयांच्या खालच्या अंगाला दोन फिकट रेघा, आणि प्रत्येक सुईच्या मुळाशी पांढऱ्या लोकरीचा, तांदळाच्या कणीएवढाही नसेल असा एक ठिपका. त्या लोकरीत राहणारा कीटक उन्हाळाभर निजलेला असतो आणि इतर कीटक थंडीने गारठतात त्या ऋतूत जागा होऊन झाडाने साठवलेले अन्न शोषतो. येथे त्यांत नर नाहीत, प्रत्येक मादी एकटीच वंश वाढवते. जपानातून तो या खंडावर आला, १९५१ मध्ये व्हर्जिनियात आढळला, आणि १९९७ मध्ये या टेकडीवर पोचला. ज्या सागरी दळणवळणाने या उद्यानात पूर्वेकडचे एकाहून एक देखणे वृक्ष आणले, त्याच दळणवळणाने ही कीड आली, हे नाकारता येत नाही, आणि नाकारू नयेच.

मेलेले वृक्ष काढले गेले. काहींना औषध देऊन वाचवले आहे, काहींवर उपचार न करता पुढे काय होते ते पाहिले जात आहे. मोकळ्या झालेल्या उजेडात काळ्या बर्चची रोपे आपणहून दाटीने उगवली आहेत; त्यांची काडी नखाने खरवडली की सांधेदुखीच्या मलमात असतो तोच उग्र, थंड वास येतो, कारण द्रव्य तेच आहे. त्यांना पट्ट्या नाहीत. दुसरीकडे येथील अभ्यासकांनी चिनी हेमलॉक वाढवून पाहिला, तर तो बॉस्टनची थंडी सोसतो आणि या किडीला दाद देत नाही. उद्या या जातीची उणीव त्यानेच भरून काढावी असे कोणी म्हटले तर ते अवाजवी नव्हे. सोनचाफ्याच्या आप्तांना भेटून आल्यावर कोणत्याही झाडाला परदेशी म्हणण्याची माझी छाती नाही. तरीही ओढ्यावरून परतताना माझा कौल त्या औषध दिलेल्या, अजून काळेभोर उभ्या असलेल्या जुन्या खोडांच्या बाजूनेच पडला. हजारांपैकी अजून साडेआठशेहून अधिक वर्षे शिल्लक आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी त्यांना मिळावीत.