इस्तंबूलहून परतलेले मस्तक

बॉस्फरसच्या सामुद्रधुनीने दुभागलेले इस्तंबूल एका तीरावर युरोप आणि दुसऱ्या तीरावर आशिया घेऊन वसले आहे. टेकड्यांवरचे घुमट आणि मिनार, गलाता पुलाच्या कठड्याशी गळ टाकून उभे असलेले मासे धरणारे, तीळ लावलेल्या गोल पावांच्या हातगाड्या, कंबरेशी निमुळत्या होणाऱ्या काचेच्या पेल्यांतील बिनदुधाचा चहा, हे सारे प्रवासवर्णनांतून आपल्या परिचयाचे असते. परंतु वाचकहो, आज आपण तक्सिम चौकातून इस्तिक्लाल रस्त्याने चालू लागलात, तर आणखी एक दृश्य आपले लक्ष वेधून घेईल. केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेल्या, सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या या रस्त्यावर, जुन्या लाल ट्रामच्या कडेने, भादरलेल्या डोक्यावर तांबडे ठिपके आणि कपाळाभोवती पट्टा असलेले पुरुष घोळक्याने हिंडत असतात. कोणी पंचविशीचा, कोणी साठी ओलांडलेला. त्यांच्याकडे वळून कोणी पाहत नाही आणि त्यांनाही संकोच वाटत नाही.

केशरोपणासाठी जगभरातून माणसे या शहरात येतात. शस्त्रक्रिया, हॉटेल आणि विमानतळावरून ने-आण यांचा एकत्रित खर्च युरोप-अमेरिकेच्या मानाने बराच कमी पडतो आणि उरलेल्या दोन दिवसांत शहरही पाहून होते. आपल्याकडूनही लोक जातात. आपला मुलगा, जावई किंवा कदाचित आपले यजमानही या वाटेने जाऊन आलेले असतील. म्हणून या नगरीची ओळख करून देताना मी आज आपल्याला तेथून परत आल्यानंतरच्या वर्षाविषयी सांगणार आहे. शस्त्रक्रिया इस्तंबूलमध्ये एका दिवसात आटोपते. जखम मात्र आपल्या घरी भरते.

सुलेमानिये मशिदीच्या आवारात फिरताना वैद्यकाच्या अभ्यासकाला एक गोष्ट हमखास आठवते. सिनान या वास्तुविशारदाने सुलतान सुलेमानसाठी 1557 मध्ये पूर्ण केलेल्या या संकुलात मशिदीबरोबर रुग्णालय, वैद्यकशाळा आणि अन्नछत्रही होते. उपचार, शिक्षण आणि शुश्रूषा ही एकाच अंगणात नांदत असत. आजच्या केशरोपणाच्या प्रवासात नेमकी हीच साखळी तुटते. शस्त्रक्रिया करणारे परदेशी राहतात आणि शुश्रूषा करणाऱ्यांना मात्र काय पाहावे हेच ठाऊक नसते.

रोप लावल्यानंतर

केशरोपण ज्या तत्त्वावर उभे आहे, ते न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइच यांनी 1959 मध्ये मांडले. डोक्याच्या मागच्या भागातील केसांची मुळे पुढे लावली, तरी ती आपला मूळचा टिकाऊपणा सोडत नाहीत. प्रचलित पद्धतीत सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या बारीक नळीने ही मुळे एकेक करून काढतात आणि टक्कल पडलेल्या भागात रोवतात. अशी दोन-तीन हजार मुळे एका बैठकीत लावली जातात.

कोकणात भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे सहज समजेल. लावलेले रोप आधी पिवळे पडते, मूळ धरल्यावर तरारते. केसांचेही तसेच होते. दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान लावलेले बहुतेक केस गळून जातात. मूळ मात्र त्वचेखाली जिवंत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे बारीक केस दिसू लागतात, सहाव्या महिन्यात फरक जाणवतो आणि पूर्ण फळ दिसण्यास बारा ते अठरा महिने लागतात. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने आजूबाजूचे जुने केसही काही काळ गळतात. त्यांतील निरोगी केस काही महिन्यांत परततात. जे आधीच क्षीण झालेले होते, ते कदाचित परतत नाहीत.

माझ्या दवाखान्यात चौथ्या आठवड्यात एक गृहिणी यजमानांच्या उशीवरचे केस कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आल्या होत्या. "डॉक्टर, सगळे पैसे पाण्यात गेले हो," असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. वस्तुतः सारे यथास्थित चालले होते.

याउलट दुसरे गृहस्थ. निवृत्त बँक अधिकारी, वय चौसष्ट, मधुमेही. "या वयात हे कसले खूळ?" असे मुलगा रागाने बोलला, म्हणून ते घरातही टोपी घालून वावरू लागले. पाचव्या दिवशी टाळूवर काळपट डाग उमटला, मग दुर्गंधी येऊ लागली, तरी त्यांनी कोणास सांगितले नाही. माझ्याकडे आले तेव्हा दहावा दिवस होता आणि रक्तातील साखर तीनशेच्या वर होती. रक्तपुरवठा खुंटून तेवढी त्वचा मृत झाली होती. त्यांना मी तातडीने प्लास्टिक सर्जनकडे पाठविले. जखम भरण्यास दोन महिने लागले आणि रुपयाएवढा व्रण कायमचा राहिला. त्यांना जखमेने जेवढे छळले, तेवढेच त्या टोपीने छळले.

घरच्यांनी काय पाहावे?

पहिले दहा दिवस नाजूक असतात. रोपलेली मुळे साधारण या अवधीत पक्की बसतात. डोके उंच ठेवून झोपावे, पुढे बटणे असलेला सदरा घालावा, मोटारीच्या दारावर किंवा विमानातील सामानाच्या कप्प्यावर डोके आपटू नये. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कपाळ आणि डोळ्यांभोवती सूज येते; ती ओसरते. खपल्या नखांनी काढू नयेत. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे डोके हलक्या हाताने धुतले, की त्या दोन आठवड्यांत आपसूक सुटतात. डोक्याचा बधिरपणा काही आठवडे, क्वचित काही महिने टिकतो.

आपल्याकडे केस गळू लागले की तेलाची वाटी प्रथम पुढे येते. मायेने केलेली ही मालीश या काळात मात्र टाळावी. कांद्याचा रस, लिंबू, मेंदी, कलप यांपैकी काहीही जखम पूर्ण भरेपर्यंत लावू नये. किमान महिनाभर थांबावे आणि नंतरही डॉक्टरांना विचारावे. इस्तंबूलचे संगमरवरी हमाम प्रसिद्ध आहेत. परंतु तेथील वाफ, तसेच पोहणे आणि कडक ऊन, हीदेखील महिनाभर वर्ज्यच समजावीत.

खाज आणि कोंडा पुष्कळांना होतो. खपल्या गेल्यानंतर औषधी शाम्पूने तो आटोक्यात येतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नवा केस वर येताना एखाददुसरी पुटकुळी येणे स्वाभाविक आहे. पुटकुळ्या अनेक असतील, दुखत असतील, त्यांत पू असेल, तर डॉक्टरांना दाखवावे, फोडू नयेत.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे: ताप, तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी, काळपट पडलेली त्वचा, किंवा स्वच्छ कापडाने पंधरा-वीस मिनिटे दाबूनही न थांबणारा रक्तस्राव. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी.

काही महिन्यांनी केस पुन्हा विरळ झाले, तर दोष शस्त्रक्रियेचाच असेल असे नाही. आनुवंशिक टक्कल पुढे सरकतच असते. लावलेले केस टिकतात आणि मधले जुने केस झडतात. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, किंवा डेंग्यू-टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनीही केस गळतात. मात्र केसांच्या मुळाभोवती लाली आणि खवले धरून चट्टे पडत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. व्रण पाडणारे काही त्वचाविकार लावलेली मुळेही नष्ट करतात आणि त्यांचे निदान कधी कधी त्वचेचा तुकडा तपासूनच होते.

ज्येष्ठांची औषधे

केस टिकविण्यासाठी फिनास्टेराइड दिले जाते. प्रोस्टेटसाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा या गोळीमुळे सुमारे निम्मा होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, तर वाढलेला आकडाही सामान्य भासू शकतो. म्हणून "मी केसांसाठी गोळी घेतो," हे सांगण्यास लाजू नये. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते पोटात घेतल्यास चक्कर येणे, पायांवर सूज, धडधड होऊ शकते. लावण्याचे मिनॉक्सिडिल सुरू केल्यावरही पहिले काही आठवडे केस अधिक गळतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेसाठी स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नयेत. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा.

अजून कोणी जाण्याच्या विचारात असेल, तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. चिरा कोण देणार, डॉक्टर की सहायक? त्या संस्थेकडे तुर्कस्तानच्या आरोग्य मंत्रालयाचा आरोग्य-पर्यटनाचा परवाना आहे का? आणि परतल्यावर संपर्क कोणाशी साधायचा? येताना शस्त्रक्रियेचा कागद अवश्य मागून घ्यावा. त्यावर डॉक्टरांचे नाव, लावलेल्या मुळांची संख्या, भूल आणि दिलेली औषधे यांची नोंद असावी. हाच नियम पुण्या-मुंबईतल्या केंद्रांनाही लागू आहे.

आणि शेवटचे मागणे घरातल्या मंडळींकडे. साठीनंतर केस हवेसे वाटणे हा गुन्हा नव्हे. आपल्याला ती हौस पटो वा न पटो, थट्टा झाली की माणूस डोके झाकतो आणि झाकलेली जखम कोणाला दिसत नाही. पहिले दोन आठवडे रोज सकाळी खिडकीपाशी, उजेडात बसवून त्यांचे डोके मागून-पुढून पाहावे आणि मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे. कालच्या आणि आजच्या छायाचित्रातील फरक डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जातो. या कामास दोन मिनिटे लागतात.