वेदगंगेकाठची थंडी (भाग 3)

11 डिसेंबर, गारगोटी
एसटी सव्वा तास उशिरा. चहा 20, कानटोपी 120. मुक्काम ओळखीच्यांच्या मळ्यात. नदीकडून बोचरं वारं. यजमानांनी मायेनं खोलीत कोळशाची शेगडी आणून ठेवली, दार-खिडकी गच्च लावून घेतली. डोळे मिटताहेत.

12 डिसेंबर
डोकं ठणकतंय, मळमळतंय. प्रवासाचा शीण असावा. कुठंच गेलो नाही. गोळ्या 18. एसटीनंच अंग मोडलं.

13 डिसेंबर
1942 साली याच तारखेला इथल्या कचेरीवर चालून गेलेले सात जण हुतात्मा झाले. वंदन करायला चौकात गेलो, तिथं एक निवृत्त सुभेदार भेटले. सियाचीनला राहिलेले. डोकेदुखीचं ऐकताच त्यांनी विचारलं, "शेगडी हुती काय खोलीत?"

मग तासभर ते बर्फातल्या निवाऱ्याबद्दल सांगत होते. बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून तो घोंगडीसारखी ऊब धरतो. गार हवा खाली बसते, म्हणून झोपायचा ओटा उंच करायचा. "थंडीचं काय न्हाई वो, भ्या वारा कोंडायचं. रात्री बर्फ पडून हवेचं भोक बुजतंय. पहाऱ्यावरचा उठून फावड्यानं मोकळं करायचा. स्टो इझवल्याबिगर कुणी डोळा मिटायचा न्हाई." बोलता बोलता त्यांनी हाताची मूठ वळली, तिच्यात पोकळी ठेवली आणि करंगळीच्या बाजूनं फुंकर मारून दाखवली. हवेला असं मोकळं भोक हवंच, म्हणाले.

जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट धरतो. झोपलेल्याला कळतच नाही. परवा रात्री मी थोडक्यात वाचलो. आत्ताही हात थरथरतोय.

14 डिसेंबर
ऊसतोड्यांच्या तळावर गेलो. बीडकडची टोळी. कोपीला आधी नुसतं पाचट असायचं, त्यातून वारं खेळायचं. आता वरून प्लास्टिकचा कागद, कडेनं माती दाबलेली. मी भीतभीतच निखाऱ्यांच्या गॅसचं सांगितलं. एक बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "इस्तू भाईरच ठिवतो, दादा. पाचटाला एक ठिणगी बास हाय." पोरं एका वाकळेखाली चिकटून झोपलेली. दोन कोप्यांत मात्र पाटीभर निखारे आतच होते. मुकादमाला ते दाखवले, त्यानं लगेच बाहेर काढायला लावले.

15 डिसेंबर
चहा 20. एसटी पुन्हा उशिरा. रात्री शेगडी नव्हती, खिडकी वीतभर उघडी होती. दोन घोंगड्या घेतल्या. थंडी वाजली, पण डोकं दुखलं नाही. वाचकहो, आज रात्री झोपण्याआधी शेगडी घराबाहेर ठेवा.