पायांनी पारखलेली फरशी

सातारा जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी जमीन ही विकत आणायची वस्तू नव्हती. ती घरात करायची. माती आणि भुसा कालवून पसरायचा, पाणी शिंपडत चोपण्याने चोपायचा आणि वरून शेणाचा हात फिरवायचा. सारवायला बसलेली आजी दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायची. नवशिक्या मुली दारापासून सुरू करायच्या आणि ओल्या जमिनीपलीकडे अडकून बसायच्या. सारवण जमलं की नाही हे हाताच्या अर्धगोल फराट्यांवरून कळायचं. एकाला एक लागून हवेत, मध्ये सुकी फट नको. शेणातले तंतू मातीला धरून ठेवतात, म्हणून ती जमीन सहसा भेगाळत नाही; पण आठवड्याभरात पोपडे सुटू लागतात आणि कुणालातरी पुन्हा कमरेत वाकावं लागतं. हल्ली कृषी पर्यटनवाले अशा जमिनीचे वेगळे पैसे लावतात. सारवणाऱ्या बाईची कंबर त्यांच्या जाहिरातीत दिसत नाही.

सुट्टीत गिरगावात मामाकडे गेली की तिला चाळीच्या खोलीत चौकटीचौकटीने चालायचा नाद लागायचा. आठ इंची चौकोनी लाद्या, हिरव्या-चॉकलेटी-पिवळसर फुलांच्या, चार जोडल्या की एक पुरं फूल. पाय फक्त पाकळ्यांवर ठेवायचा, असा नियम.

या लाद्यांच्या आधी श्रीमंतांच्या इमारतींना जमीन विलायतेहून यायची. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कंपनीच्या लाद्या पाहता येतात. त्या भट्टीत भाजलेल्या मातीच्या. 1922 मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या वाऱ्यात भारत टाइल्स सुरू केली, ती सिमेंटच्या लाद्यांसाठी. सिमेंटच्या लादीला भट्टी लागतच नाही. लोखंडी साच्यात पितळी पत्र्याची नक्षीदार चौकट बसवतात. तिच्या कप्प्याकप्प्यात छोट्या डावाने एकेक रंग ओततात. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं हे मिश्रण पातळ पिठल्याइतकं सैल असतं. मग चौकट अलगद वर उचलायची. इथे कारागिराचा हात दिसतो: चौकट सरळ निघाली तर रंग एकमेकांना भिडून, पण न मिसळता राहतात, जरा तिरकी झाली की पाकळी फुटते. वर कोरडं सिमेंट आणि वाळू टाकली की ती रंगांतलं जास्तीचं पाणी ओढून घेते. मग दाबयंत्राचा दाब, आणि त्यानंतर पाण्यात मुरवणं. रंगाचा थर दोन-तीन मिलिमीटरचा असतो, म्हणून तीन पिढ्यांच्या चपलांनीही नक्षी पुसली जात नाही.

लग्नानंतर पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात तिला शहाबादी मिळाली. कलबुर्गीकडची ही चुनखडी थराथराने सुटते, त्यामुळे खाणीतून सपाट फरश्या निघतात. उन्हाळ्यात दुपारी त्या गारव्यावर पाठ टेकण्यासारखं सुख नाही, हे तिचं ठाम मत आजही आहे. मात्र चुनखडीचं आंबटाशी वैर. लिंबाच्या लोणच्याचा एक थेंब सांडला आणि तो लगेच पुसला नाही की पांढुरका डाग कायमचा. सासूबाई डागांवरून सांगायच्या, कुठल्या वर्षी कुठली बरणी कलंडली. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्याचीही तीच गत.

भिंतींच्या बाबतीत तिने फारसं मन घातलं नाही. वाड्याला नीळ घातलेल्या चुन्याची सफेदी, पुढे कोथरूडच्या फ्लॅटला नीरू आणि त्यावर डिस्टेंपर, आता पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. रंगारी येतो, कापडं अंथरतो, जातो. भिंतीशी आपला संबंध येतो तो कॅलेंडर टांगण्यापुरता, जमिनीशी दिवसभर.

कोथरूडचा फ्लॅट 1980 च्या दशकातला, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मोझॅइकचा. राखाडी सिमेंटमध्ये संगमरवराच्या पांढऱ्या, काळ्या, विटकरी चिपा. नव्या फरशीला पॉलिशचं मशीन लावलं तेव्हा जिन्यावरून करड्या चिखलाचे ओघळ खालपर्यंत गेले होते आणि शेजाऱ्यांनी तोंडं वाकडी केली होती. मग ती फरशी विसरली गेली. विसरली जाणं हा मोझॅइकचा मोठा गुण. केस पडोत, चहा सांडो, पोराचा खडू घासला जावो, चिपांच्या गर्दीत सगळं खपून जातं. कामवाल्या मावशी दोन बादल्यांत अख्खं घर पुसून मोकळ्या व्हायच्या.

नूतनीकरणाचं ठरलं ते नळ गळायला लागले म्हणून. बाथरूम फोडायचंच आहे, तर फरशीही बदलून घेऊ, असं मुलगी बंगळुरूहून फोनवर म्हणाली. मग दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

फरशीच्या दुकानात एवढा उजेड असतो की कुठलीही गोष्ट चकाकते. उभ्या सरकत्या चौकटींवर दोन बाय चार फुटांच्या टाइल्स, आठशे बाय सोळाशे मिलिमीटरच्या टाइल्स, एकीच्या शिरा दुसरीत उलगडतील अशा बुकमॅचच्या जोड्या. बहुतेक माल मोरबीचा. एके काळी कौलं आणि भिंतीवरची घड्याळं यांसाठी ओळखलं जाणारं हे गुजरातचं गाव आज देशाच्या फरश्या पुरवतं. व्हिट्रिफाइड टाइल सुमारे 1200 अंशांवर भाजतात, तेव्हा तिच्यातली माती आणि खनिजं जवळपास काचेसारखी एकजीव होतात; ती पाणी शोषते अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लोणच्याची बरणी तिथे खुशाल कलंडू द्यावी. मालाची ही बाजू खरी आहे आणि ती मान्य न करणं हा जुन्याचा उगाच लळा झाला असता.

तिने चप्पल काढली. विक्रेता मुलगा गडबडला. “काकू, अहो राहू द्या, खाली धूळ आहे.” तिने खाली ठेवलेल्या नमुन्यावर पाय ठेवला, मग पर्समधली बाटली काढून थोडं पाणी सांडलं आणि पुन्हा ठेवला. चकचकीत टाइलवर टाच सरकली. मॅटवर नाही. मुलाने सांगितलं, घसरण्याचं मोजमाप असतं, आर-नऊपासून आर-तेरापर्यंत, आकडा मोठा तितकी पकड जास्त. हे आकडे जर्मन चाचणीतून आलेले: माणूस बूट घालून तेल पसरलेल्या उतारावर चालतो आणि उतार वाढवत नेतात, तो घसरेपर्यंत. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावरची, तिच्या पायऱ्या ए, बी, सी. मराठी घरात बूट घालून न्हाणीत कोण जातं? मुलाने गोदामात फोन लावला. अनवाणी पायाचा शेरा कुणालाच सांगता येईना.

पुढची चौकट सरकवून तो उत्साहाने म्हणाला, “हे बघा, आता हाच ट्रेंड आहे. टेराझो.” राखाडी जमिनीवर पांढऱ्या, काळ्या, विटकरी चिपा. छापलेल्या. या प्रकारात शाईचा थर कागदाइतका पातळ असतो, त्यावर काचेचा लेप. ओरखडा खोल गेला की खाली नुसती माती दिसते, आणि घासून पॉलिश करायची सोय नाही. तिने भाव विचारला. मग जुनी फरशी उखडायचा, राडारोडा पोत्यांत भरून उतरवायचा, तो टाकायचा, असा सगळा खर्च विचारला. खरं मोझॅइक फोडून त्याचं चित्र बसवायला घसघशीत रक्कम लागणार होती. जुन्यावरच चिकटवून नवी बसवण्याचा मार्गही होता, पण मग जमीन अर्ध्या इंचाने उचलते, प्रत्येक दार खालून तासावं लागतं आणि बाल्कनीच्या चौकटीशी अडखळायला एक पायरी तयार होते. पासष्टीनंतर अशा पायऱ्या महाग पडतात.

“आई, पण फ्लॅट जुनाट दिसेल,” मुलगी म्हणाली. ती चूक नव्हती. फ्लॅट जुनाच होता.

बाथरूमला खरखरीत मॅट टाइल्स आल्या, पेटीवरचा बॅच नंबर एकच आहे ना हे ताडून, कापाकापीसाठी दहा टक्के जास्त घेऊन. जोडांत साध्या ग्राउटऐवजी इपॉक्सी. बसवल्यावर तिने दोन दिवसांनी नाण्याने एकेक टाइल वाजवून पाहिली. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, मिस्त्रीने कुरकुरत त्या उचलून पुन्हा बसवल्या. बाकी घरात मोझॅइकच राहिलं.

मात्र नव्या नळासाठी हॉलमधून चर खणावा लागला होता आणि तिथल्या फरश्या फुटल्या होत्या. तशी फरशी आता कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी मिस्त्रीनेच तोड सुचवली: बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटाखालच्या फरश्या सांभाळून काढू, हॉलमध्ये लावू, आणि कपाटाखाली दुकानातली उरलेली काहीही टाकू, तिथे कोण बघतंय. तसं झालं. काढलेल्या फरश्या उजळ निघाल्या, कारण त्यांच्यावर एवढ्या वर्षांत पाऊलही पडलं नव्हतं. चराचा पट्टा लांबूनही ओळखू यायचा. पॉलिशवाला आला, आधी खरखरीत दगड, मग बारीक, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड. पट्टा फिकटला, गेला नाही. आणखी एक हात मारला तर बराच मिसळेल, पण त्याचे पैसे वेगळे, असं तो म्हणाला. तिने घासाघीस केली, शंभर रुपये कमी करून घेतले आणि त्याला चहा विचारला.