वेगळी चूल

आपल्याकडे वेगळा निघणारा माणूस कधीच एकटा निघत नाही. त्याच्यामागून दोन पातेली, एक परात, निम्मी सतरंजी आणि 'हे खूळ मुळात कुणाच्या डोक्यातलं?' हा प्रश्न, एवढा लवाजमा बाहेर पडतो. परभणी जिल्ह्यातल्या वाटण्या पाहून माझे केस पिकले. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या मी पाहिल्या, आंब्याच्या फांद्या वाटून घेतलेल्या पाहिल्या. एका घरी तर भिंतीवरचं घड्याळ सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे मागे पडायचं. सुरांची वाटणी कशी होते, हे मात्र मला उतारवयात पुतण्यामुळे कळलं.

पुतण्या गिटार वाजवतो. चार वर्षं तो लग्नाकार्यात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात होता. हळदीला वाजवायचा, वरातीला वाजवायचा, गणपतीत तर दहा दिवस घरी दिसायचा नाही. मिळकत बेताची, पण जेवण दणकून. अशी सोन्यासारखी नोकरी सोडून गेल्या दिवाळीनंतर त्याने जाहीर केलं, की यापुढे आपण फक्त स्वतःचं वाजवणार.

"स्वतःचं म्हंजे?" दादांनी विचारलं.

"मी स्वतः बसवलेलं. गाणं नाही. नुसती गिटार."

दादा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग अशा प्रसंगी परभणीकर जे म्हणतो, तेच म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!"

ही म्हण आमच्या गावाची स्तुती आहे की निंदा, यावर आमचं अजून एकमत नाही. जगात कुठं जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच, असा तिचा साधा अर्थ. पण इतरांना निदान फसल्यावर परभणीला यावं लागतं. हा तर इथूनच निघणार होता. याने फसल्यावर जायचं कुठं?

"तूच समजाव त्याला," दादा मला म्हणाले. "तुला वेगळं निघायचा अनुभव हाये."

हा टोमणा एकोणीसशे एक्क्याण्णव सालचा आहे. त्या वर्षी मी नानलपेठेतलं जुनं घर सोडून वसमत रोडला बिऱ्हाड केलं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी, एवढंच. पण दादांनी ते वाक्य इतकी वर्षं फडताळात जपून ठेवलं आहे आणि सणावारी ते काढून पुसून पुन्हा ठेवतात.

पुतण्या आला तो पुरावे घेऊनच. त्याचा मुख्य साक्षीदार स्टीव्ह हॅकेट नावाचा विलायती माणूस. १९५० सालचा, लंडनचा. विसाव्या वर्षी त्याने 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात जाहिरात दिली. आपल्याकडे 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' अशी देतात, तशीच. फक्त याला बायको नको होती, बँड हवा होता. स्थळ आलं 'जेनेसिस'चं, आणि १९७१ च्या जानेवारीत हा त्या घरी नांदायला गेला.

हे लोक प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवीत. त्यांचं १९७२ सालचं एक गाणं जवळजवळ तेवीस मिनिटांचं आहे. म्हणजे आपल्या कीर्तनासारखा पूर्वरंग, मग उत्तररंगात आख्यान, सगळा मामला. त्यांचा गायक पीटर गेब्रिएल कोल्ह्याचं मुंडकं चढवून आणि बायकोचा लाल झगा घालून नाचे. हॅकेट मात्र कोपऱ्यात खुर्ची टाकून, चष्मा लावून, खाली मान घालून वाजवी. पाहणाऱ्याला वाटावं, हा सोसायटीचा जमाखर्च लिहितोय. मला हा माणूस तिथंच आवडला. प्रत्येक एकत्र कुटुंबात असा एक जण असतो. तो उठून जाईपर्यंत तो बसला होता हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

"मग भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"भांडण नाही, काका. हिश्शाचा प्रश्न."

आता मला विषय कळू लागला. हॅकेटला चाली पुष्कळ सुचत. पण घरात सुचणारे चार-पाच आणि रेकॉर्डची बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. १९७५ साली त्याने घरात राहूनच स्वतःची एक रेकॉर्ड काढली. तिच्यावर वाजवायला घरातलेच फिल कॉलिन्स आणि माइक रदरफर्ड आले होते. म्हणजे बैलजोडी घरची, औतही घरचं, नांगरलं मात्र स्वतःचं रान. पुढे त्याने प्रत्येक रेकॉर्डमध्ये आपल्या चालींना ठरावीक वाटा मागितला. तो मिळेना, तेव्हा १९७७ मध्ये तो बाहेर पडला. मागे राहिलेल्यांनी १९७८ साली जी रेकॉर्ड काढली तिचं नावच 'आणि मग उरले तिघे' अशा अर्थाचं. आमच्या दादांना इंग्रजी रेकॉर्ड काढता आली असती, तर त्यांनीही १९९१ मध्ये हेच नाव दिलं असतं.

त्याच १९७८ साली हॅकेटचीही रेकॉर्ड आली. नाव होतं, 'कृपया हात लावू नका'. नव्याने वेगळं निघालेल्या माणसाने आपल्या भांड्यांवर चिठ्ठी लावावी तसं! तालमीत बँडने नाकारलेली एक चाल त्याने त्यात घातली, गायला बाहेरून माणसं आणली. १९८१ मध्ये तर स्वतःच गायला. १९८३ मध्ये त्याने वीज, ढोल, गाणं सगळं बाजूला ठेवून नायलॉनच्या तारांची साधी गिटार घेतली आणि अख्खी रेकॉर्ड तिच्यावर वाजवली. नव्या बिऱ्हाडात पहिल्या महिन्यात माणूस हेच करतो. रोज वेगळी भाजी. कारण कुणी विचारणारं नसतं. आणि चव कशी झाली हे सांगणारंही कुणी नसतं, हे त्याला दुसऱ्या महिन्यात कळतं.

वेगळं निघालेल्याचा खरा घोळ जुन्या मालमत्तेचा. जेनेसिसची १९७३ सालची 'फर्थ ऑफ फिफ्थ' नावाची एक रचना आहे. तिच्यातली हॅकेटची गिटार लोक अजून डोळे मिटून ऐकतात. पुतण्याने मला ती ऐकवली. गिटार रडत नव्हती, ओरडत नव्हती. एक-एक सूर लांबवत पूर्णेच्या पात्रासारखी सावकाश चालली होती. मग पुतण्याने सांगितलं, की ती सुरावट मुळात टोनी बँक्स या पियानोवाल्याची. आता ती कुणाची समजायची? कलम आणलं एकाने, पाणी घातलं दुसऱ्याने, आणि गाव म्हणतं, दुसऱ्याचा आंबा. असल्या प्रश्नांवर आमच्याकडे तीन-तीन पिढ्या तारखा पडतात. हॅकेटने कोर्टाची पायरी न चढता तोड काढली. १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये त्याने जुनी गाणी नव्याने वाजवून रेकॉर्ड केली आणि वर स्वच्छ नाव घातलं ते जेनेसिसचं. पुढे मैफलीतही तो अर्धं स्वतःचं वाजवू लागला आणि अर्धं त्या घरचं.

यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली. दळण तिचं, कांडण तिचं, अभंगही तिचे स्वतःचे. पण अभंगाच्या शेवटी नाव घालताना तिने आपल्या नावाबरोबर नामदेवांचंही नाव ठेवलं. त्याने तिचं काही कमी झालं नाही. उलट आज जनीचा अभंग कुणी नामदेवांचा म्हणत नाही.

"पण हे सगळं विलायतेत," मी काका या नात्याने शेवटचा मुद्दा काढला. "तिथं चालतं. इथं नुसती गिटार कोण ऐकणार?"

पुतण्याने दुसरा साक्षीदार काढला. मुंबईचा वॉरेन मेंडोन्सा. तो 'झीरो' या बँडचा गिटारवाला. मग न्यूझीलंडला गेला आणि तिथून २००७ मध्ये 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने पहिला अल्बम काढला. गायक नाही, नुसती गिटार बोलते. २००९ ला दुसरा, २०१५ ला तिसरा. या तिसऱ्याच्या नावाचा अर्थ, विश्वाची विनोदबुद्धी मोठी अजब आहे. हे नाव ऐकल्यावर मी माझी बाजू मागे घेतली. वेगळा निघूनही ज्याला हसू येतं, त्याचं बिऱ्हाड टिकतं.

संध्याकाळी मी दादांकडे अहवाल द्यायला गेलो. हॅकेटची कहाणी सांगितली. दादांनी ती भाऊबंदकीच्या खटल्यासारखी कान देऊन ऐकली. कोल्ह्याचं मुंडकं ऐकून "अरारा" म्हणाले. शेवटी मला वाटलं होतं ते पैशाचं विचारतील. त्यांनी विचारलं भलतंच.

"मग त्या घरचे लोक त्याला बोलवतात का नाही? सणाला, कार्याला?"

सुदैवाने ही तारीख मला पुतण्याने पाठ करून दिली होती. गेब्रिएलही १९७५ मध्येच वेगळा निघाला होता. १९८२ साली त्याने जगभरचे संगीतकार बोलावून मोठा महोत्सव भरवला आणि तो कर्जात बुडाला. तेव्हा जुने घरवाले त्याच्यासाठी पुन्हा एकत्र आले. २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्स इथं कार्यक्रम झाला. पाऊस नुसता कोसळत होता. हॅकेट पोचला तो अगदी अखेरीस, आणि शेवटची दोन गाणी सगळ्यांबरोबर वाजवली.

"शेवटची दोनच?"

"दोनच."

दादांनी अडकित्ता खाली ठेवला. वर गच्चीवर पुतण्याचं वाजवणं सुरू झालं होतं. एकच ओळ तो पुन्हा पुन्हा घोटत होता आणि दर वेळी एकाच जागी अडखळत होता.

"शेवटच्या पंगतीला का हुईना, आला नं," दादा म्हणाले. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "तू कामून येईना गेलास रे जेवायला? रविवारी ये. सूनबाईला घेऊन ये. आणि पंगत उठल्यावर नको येऊस."