भिजत घोंगडं

घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही म्हसवडची रीत माझ्या आईनं लग्नानंतर मुलुंडला आणली. म्हसवडला हे धुणं माणगंगेवर जायचं. नदीला पाणी नसेल त्या वर्षी विहिरीवर. मुलुंडला ते न्हाणीघरात उरकावं लागतं आणि सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळवावं लागतं. आई गेली, रीत राहिली. यंदाही सर्वपित्रीच्या आधीच्या रविवारी चादरी-रजया झाल्यावर मी शेवटी कपाटाच्या वरच्या फळीवरची घोंगडी खाली काढली. रिठे रात्रीच भिजत घातले होते. लोकरीला गरम पाणी सोसत नाही, तिचे केस एकमेकांत गुंततात आणि कापड आखडतं. गार पाण्यात रिठ्याचा फेस करायचा, त्यात घोंगडी दाबून बसवायची, आणि पिळायची मात्र नाही.

कोरडी असताना ही घोंगडी तीन किलो भरते. ओली झाली की एकट्या माणसाला पेलत नाही. मी शेजारच्या कच्छी काकींना हाक मारली. दोघींनी चार कोपरे धरून ती गॅलरीच्या कठड्यावर टाकली. काकी हात पुसत म्हणाल्या, "आमच्या कच्छमध्ये याला धाबळो म्हणतात. रबारी लोक पांघरतात." मला एकदम आमच्या वाड्यातल्या जोशीकाकूंची सोवळ्यातली धाबळी आठवली. भुजोडीचे वणकर रबाऱ्यांच्या लोकरीचा धाबळो विणत आले, म्हसवडचे सणगर धनगरांच्या लोकरीची घोंगडी विणत आले, आणि त्या दोन लोकरी मुलुंडच्या एका गॅलरीत दोन बायकांच्या तोंडून भेटल्या. खाली काळसर पाणी टपटपत होतं.

तेवढ्यात म्हसवडहून चुलतभावाचा फोन आला. "आक्का, आता काय ते सांग. फरशीवाला दसरा झाला की येतो म्हंतोय. त्यो खड्डा बुजवायचा का ठिवायचा? ह्याचं भिजत घोंगडं किती दिस ठिवायचं?"

माझे हात कोपरापर्यंत ओले होते. "दोन-चार दिवसांत सांगते," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

खड्डा म्हणजे मागाचा खड्डा. आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, दारातून उजेड पडतो तिथं, तात्यांचा माग होता. तात्या म्हणजे माझे आजोबा. आम्ही सणगर, मेंढ्या धनगराच्या, लोकर धनगराची, विणकाम आमचं. माग मोडून लाकडं माळ्यावर गेली त्याला आता तीस वर्षं होतील. खड्डा तसाच आहे. लहान पोरं त्यात पडतात, पाहुणे ठेचकाळतात. भावाचं काही चुकत नाही. पण त्याच्या तोंडची ती म्हण मला त्या दिवशी टोचली. पुनर्विकास रखडला की भिजत घोंगडं, पूल अर्धवट राहिला की भिजत घोंगडं. आम्ही रोज वर्तमानपत्रात वाचतो. कुणीतरी आळसानं एखादं काम तसंच टाकून दिलंय, असा तिचा अर्थ. ओली घोंगडी समोर लोंबत असताना मला वाटलं, ही म्हण ज्यानं केली तो मागावर कधी बसला नसावा.

कारण घोंगडीचं अर्धं काम भिजत घालण्याचंच असतं.

सुरुवात मेंढीपासून. दख्खनी मेंढी काळी, काटक, माणदेशाच्या कुसळावर जगणारी. तिची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. कातरण्याआधी कळप ओढ्यात नाहीतर तळ्यात घालून धुतात आणि अंग वाळेपर्यंत थांबतात. मग पाय बांधून मेंढी आडवी करायची आणि पोटापासून कातर चालवायची. सराईत हाताखालून लोकर सलग, गोधडीसारखी उलगडत येते. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे माझ्या गॅलरीतली घोंगडी म्हणजे पाच-सहा मेंढ्यांचं एक अख्खं वर्ष. पहिल्यांदा कातरलेल्या कोकराची लोकर जावळाची. तिची घोंगडी सगळ्यांत मऊ आणि तिचा मान वेगळा.

मग लोकर पिंजायची आणि बायकांनी रहाटावर सूत काढायचं. आमची आत्ती, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, लग्न होऊन जाईपर्यंत हेच करायची. नवऱ्यामागं ती माहेरी परत आली आणि पुन्हा रहाटावर बसली. आज ती ऐंशीला टेकली आहे. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला मधोमध एक गुळगुळीत चपटेपणा आहे. सूत तिथून जायचं.

आणि मग खळ. या कामाशी माझी ओळख आहे, कारण सुट्टीत म्हसवडला गेलं की मला यातच घेत. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, रात्रभर भिजत घालायचे. सकाळी पाट्यावर वाटायचे आणि पातळ शिजवायचे. गल्लीत खुंट्यांवर ताणा पसरलेला असे, काळ्या धाग्यांचा एक लांबलचक पूल. त्यावर खळ शिंपडून तात्या कुंचा चालवत, या टोकाकडून त्या टोकाला आणि पुन्हा मागं. लोकरीचा धागा मुळात केसाळ. खळ लागली की उभे केस अंगाला चिकटतात, धागा गुळगुळीत होतो आणि फणीत अडकत नाही. पण खळ पातळ झाली तर केस बसत नाहीत, घट्ट झाली तर धागा कडक होऊन तुटतो. ती किती हवी हे आत्ती बोटांनी ठरवायची. दोन बोटं बुडवायची, वेगळी करायची, मधे तार किती लांब येते ते बघायचं. मी विचारायची, "झाली?" ती म्हणायची, "आजून भिजली न्हाई." शिजलेली खळ भिजली नाही म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायचं नाही. ताणा ती पिऊन घेईपर्यंत थांबायचं, मग उन्हात वाळेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा एक हात द्यायचा. घाई केली की ते मागावर कळायचं.

मागावर तात्या खड्ड्याच्या काठाशी जमिनीला टेकून बसत. पाय खाली पावड्यांवर. एक पाय दाबला की धागे उघडत, धोटा या हातातून त्या हातात जाई, फणी ओढून ठोका बसे. दुसरा पाय, पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. मी काठावर पोटावर झोपून खाली बघायची. वरचं घर उन्हानं तापलेलं, आणि खड्ड्यात मात्र शेणानं सारवलेल्या मातीचा गारवा आणि तात्यांच्या अनवाणी पायांची पाळीपाळीनं खालीवर होणारी बोटं. खड्ड्यातला गारवा सुताला मानवतो, असं ते म्हणत.

अशी घोंगडी मग धनगराच्या खांद्यावर जाई. दिवाळी झाली, माणदेशातली कुरणं संपली की कळप निघत. कुणी कृष्णाकाठाला, कुणी कोल्हापूरकडं, कुणी घाट उतरून कोकणात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि लहानगी पोरं. शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत द्यायचं, बदल्यात धान्य घ्यायचं. मृगाच्या तोंडाला परत. या सगळ्या वाटेत घोंगडी हे अंथरूण, पांघरूण, पावसात डोक्यावरची खोळ आणि देवाच्या पुढ्यातलं आसनही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. पिवळ्या धुरळ्यात काळे-पांढरे पुंजके तरंगत खाली येतात. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. त्या विठ्ठलाला लोकर वाहतात, यात मला नवल वाटत नाही.

अण्णा, माझे वडील, 1972च्या दुष्काळात मुंबईला आले. मागावर बसायला सूत नव्हतं, कारण कातरायला मेंढ्या उरल्या नव्हत्या. मुलुंडला एका खोलीत सहाजण राहत. चेकनाका ओलांडला की ठाणं, आणि ठाण्यात लोकरीचं काम होतं. रेमंडची गिरणी तिथं 1925 पासूनची. सुरुवातीला तिच्यातूनही जाडीभरडी कांबळीच निघत. अण्णा ठाण्यात लोकरीच्याच खात्यात लागले. पण ती लोकर ऑस्ट्रेलियातून यायची, मेरिनो मेंढीची, पांढरीशुभ्र आणि रेशमासारखी बारीक. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बाह्यांवर तिचे तंतू असत. एकदा त्यांनी तो तंतू आणि घोंगडीचा एक केस माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवला. एक दिसेना, दुसरा टोचत होता. अण्णा म्हणाले, "दोन्ही लोकरच. ही अंगाला घालायची, ती पावसाला घालायची." त्यांनी कधी एकीला चांगली आणि दुसरीला वाईट म्हटलं नाही.

बाजारानं मात्र म्हटलं. बाहेरची मऊ लोकर आली, गिरणीची आणि कृत्रिम धाग्याची ब्लँकेटं आली, आणि दख्खनी लोकरीचं गिऱ्हाईक आटलं. आज धनगराला कातरणावळ पदरची द्यावी लागते आणि लोकर विकून ती निघत नाही. कातरली नाही तर मेंढीला उन्हाचा आणि किड्यांचा त्रास, म्हणून कातरावी लागते, आणि कातरलेली लोकर कित्येकदा बांधावर पडून राहते. मेंढी पाळायची आता मटणासाठी. घाटकोपर–मानखुर्द रस्त्यानं जाताना शेळ्या-मेंढ्यांचे ट्रक देवनारकडं वळताना दिसतात. 1971 पासून तिथं या शहराचा मोठा कत्तलखाना आहे. म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, वजनदार, अंगावर लोकर कमी असलेली मेंढी कळपात वाढू लागली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळी झाली की धनगराच्या घरात दोन पैसे जास्त येतात, आणि ते यायलाच हवेत. पोट आधी. पण त्या काळ्या लोकरीची वाट त्यामुळं आपोआप रुंद होणार नाही, तिच्यासाठी कुणालातरी वेगळं बसावं लागेल.

मुंबईतही कुणी कुणी बसलंय. सुरेश एरियाट यांनी 'देसी ऊन' नावाची छोटी ॲनिमेशन फिल्म केली, तीत मेंढ्या, माणसं, डोंगर सगळं दख्खनी लोकरीचंच आहे. 2025 साली फ्रान्सच्या आनेसी महोत्सवात तिला पुरस्कार मिळाला. मोबाइलच्या पडद्यावर मी ती बघत होते, तेव्हा आपोआप माझं बोट पडद्यावरून फिरलं. टोचेल असं वाटलं.

सोमवारी घोंगडी गळायची थांबली. मंगळवारी वरून कोरडी लागली आणि आत हात घातला तर गारच. दुपारी ऑक्टोबरचं ऊन येऊरच्या डोंगरावरून उतरून गॅलरीत आलं, संध्याकाळी खाडीकडचा दमट वारा आला, आणि जे वाळलं होतं ते पुन्हा ओलसर झालं. मी रागावले नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि तो ओलावा घेताना ती थोडी ऊब सोडते. कोकणातल्या पावसात खोळ घेऊन उभ्या राहिलेल्या मेंढपाळाला शास्त्र ठाऊक नव्हतं, पाठ ठाऊक होती. सुती कापड भिजलं की लगेच गारठवतं आणि लगेच वाळतं. घोंगडी उशिरा भिजते, उशिरा वाळते, आणि मधल्या सगळ्या वेळात आतल्या माणसाला सांभाळते.

भिजत घोंगडं म्हणजे टाकलेलं काम नव्हे, हे मला त्या चार दिवसांत पटलं. मेंढी धुऊन वाळेपर्यंत थांबायचं, चिंचोके फुगेपर्यंत थांबायचं, ताणा खळ पिईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यावर कुणाची तरी नजर असे, कुणाची तरी दोन बोटं सारखी खळीत बुडून तपासत असत. आमच्या घरच्या खड्ड्याकडं मात्र तीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी त्याला आठवण म्हणत होते, आणि भावाला दोन वर्षं ताटकळत ठेवत होते. ते थांबणं सणगराच्या लेकीला शोभणारं नव्हतं.

बुधवारी दुपारी घोंगडी वाळली. घडी घालताना नाक लावलं. रिठ्याचा वास उडून गेला होता आणि खालून मेंढीचा वास वर आला होता, चाळीस-पन्नास वर्षांनंतरही. मी भावाला फोन लावला.

"फरशी घाल," मी म्हटलं. "पण खड्ड्याच्या चारी कडेनं चौकट धर आणि वर जाड फळ्या टाक, उचलता येतील अशा. फळ्यांचे पैसे मी देते. माळ्यावरची लाकडं खाली काढून ऊन दाव. धोटा आणि फणी आत्तीच्या पेटीत असंल."

"आनि मग?"

"दिवाळी झाली की आठ दिवस येते. कातरणी तेव्हाच असते, लोकर कुणाकडं मिळंल ते बघून ठेव. आत्तीच्या बोटांत खळ आहे तोवर मला ती शिकायची आहे."

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्ती हितंच बसलीया. तिला काय सांगू?"

"सांग, मी पोचायच्या आदल्या रातीला चिंचोके भिजत घाल."